मगरीचा सॅलॅमँडर

आमच्या गल्लीतल्या तालमीत एक मगर पडून होती. आदल्या वर्षीच्या गणपतीत तालमीनं गजेंद्रमोक्षाचा हलता देखावा केला होता. हत्ती सोंड वर करायचा, मगर जबडा उघडायची आणि विष्णू तारेवरून खाली यायचा. उत्सव संपल्यावर हत्ती जयसिंगपूरच्या एका मंडळानं विकत नेला. विष्णूलाही कुठल्याशा गावात जागा मिळाली. मगर मात्र कुणी नेली नाही. नुसती मगर घेऊन कोण काय करणार? ती वर्षभर तालमीच्या मागच्या पत्र्याखाली राहिली आणि जोर काढायला येणारी पोरं आपले ओले लंगोट तिच्या दातांवर वाळत घालू लागली.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय प्राणिशास्त्र. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. गल्लीत इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. त्यामुळे कुणाला टीव्हीबरोबर आलेलं माहितीपत्रक वाचून हवं असलं की आमच्या घरी येत. मी ते वाचून आईला सांगे आणि आई त्यांना सांगे. अशी पद्धत कधी पडली ते आठवत नाही, पण सगळ्यांना ती सोयीची होती.

त्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती. आमच्या विभागप्रमुख मॅडम दरवर्षी पाऊस ओसरताना गगनबावड्याच्या घाटात जात, दगड उलटून बेडूक आणि देवगांडुळं शोधत, आणि सोबत एका विद्यार्थ्याला नेत. देवगांडूळ दिसतं गांडुळासारखं, पण बेडकाच्या नात्यातलं असतं. मला ते बघायचं होतं. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, "ज्याला यायचंय त्यानं केबिनमध्ये येऊन सांगावं. आणि ज्याला नीट बघता येत नाही त्यानं येऊ नये." मी केबिनवरून बऱ्याचदा गेले. आत गेले नाही. तीन वर्षांत मॅडमनी माझ्या तोंडून ऐकलेला शब्द हजेरीचा 'प्रेझेंट' एवढाच होता.

गणपतीच्या आधी एका संध्याकाळी तालमीचे अध्यक्ष घरी आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांची पानपट्टी होती, आणि कुणाकडे बघून बोलताना ते नेहमी हातानं पान लावत असल्यासारखे बोटं हलवायचे. ते खुर्चीवर बसले आणि आईला म्हणाले, "वहिनी, औंदा स्पर्धेचा विषय पर्यावरण हाय. आमी नामशेष हुणारं प्राणी घेतल्यात. माहिती लिवाय पोरगी पायजे तुमची. आन् आवाजबी तिचाच."

"आवाज?" आई म्हणाली. आईलाही नवल वाटलं असावं.

"टेपवर भरायचा. कुणासमोर बोलायचं न्हाय."

मी आईच्या मागे उभी होते. "नाव सांगायचं नाही," असं मी आईला म्हटलं. आईनं ते अध्यक्षांना सांगितलं.

"न्हाय सांगत. आन् आयका, परीक्षकात तुमच्याच कॉलेजातल्या मोठ्या बाई हायत, त्या बेडकाच्या. म्हणून तर हिला धरलंय."

अध्यक्षांना वाटलं होतं की ही आनंदाची बातमी आहे.

दुसऱ्या दिवशी मी प्राणी बघायला गेले. पेंटर तिथंच होते. कोल्हापुरात मूर्ती करणाऱ्यालाही पेंटरच म्हणतात. या पेंटरांचा हात मुख्यतः पैलवानांच्या पुतळ्यांवर बसलेला. त्यांनी मला कांगारू दाखवला. इचलकरंजीच्या एका तयार कपड्यांच्या दुकानानं तो सांगून करून घेतला होता, पिशवीत लहान मुलांचे फ्रॉक मांडायला. कांगारू तयार होईपर्यंत दुकान बंद पडलं. आता फ्रॉकच्या जागी पिल्लू बसवलं होतं आणि मागे मोटारीच्या वायपरचं यंत्र जोडलं होतं. बटण दाबलं की पिल्लू वर यायचं, खाली जायचं. कांगारूचे दंड भरलेले होते आणि छाती पुढं काढलेली होती.

"पिशवी फक्त मादीला असते," मी म्हणाले.

"मादीच हाय की."

"मग दंड?"

पेंटरांनी कांगारूकडे वर-खाली बघितलं. "कोल्हापुरातली हाय," ते म्हणाले.

दुसरा प्राणी कोणता, असं मी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी मगरीकडे बघितलं. दातांवरचे लंगोट काढलेले होते.

मगर ही मगर म्हणूनच ठेवावी, असं माझं म्हणणं होतं. तीही धोक्यात आहेच. पण अध्यक्ष म्हणाले, "गेल्या साली सगळ्या पेठंनं बगितलीय ती. वळकतील लोकं. नवीन कायतरी पायजे, हिच्यातनंच." म्हणजे लांब अंगाचा, चार आखूड पायांचा, मोठ्या शेपटीचा आणि गल्लीनं न बघितलेला प्राणी हवा होता. मगर चांगली पुरुषभर लांब होती. मी रात्री पुस्तक काढून बसले आणि मला तसा एकच सापडला: चीनमधला राक्षसी सॅलॅमँडर. बाकीचे सॅलॅमँडर पालीएवढे असतात. हा माणसाएवढा वाढतो, डोंगरातल्या थंड ओढ्यात दगडाखाली राहतो आणि खरोखरच नामशेष व्हायला आला आहे. शास्त्राला आणि मगरीला, दोघांनाही तो चालण्यासारखा होता.

"पण खवले काढावे लागतील," मी सांगितलं. "सॅलॅमँडर बेडकाच्या जातीचा. अंग गुळगुळीत, ओलं. दातही असे नसतात. आणि पुढच्या पायाला बोटं चार हवीत, मागच्याला पाच."

"बोटं कोण मोजतंय?" पेंटर म्हणाले.

"मॅडम."

पेंटरांनी करवत घेतली. पुढच्या दोन्ही पायांचं एकेक बोट गेलं, दात गेले, आणि खवल्यांवर त्यांनी दोन दिवस लांबी, म्हणजे पुट्टी भरली, गाडीचा पत्रा पोचला की भरतात तशी. वर तपकिरी रंग दिला. डोळे बारीक केले. शेवटी तो जबडा उघडून पडला तेव्हा आजारी मगरीसारखा दिसत होता. पण सॅलॅमँडरसारखाही दिसत होता. मी पुस्तकातलं चित्र शेजारी धरून खात्री केली.

माहिती लिहिणं त्याहून अवघड गेलं. मला जे येत होतं ते सगळं इंग्रजीत येत होतं. आमच्या शाळेत मराठीच्या बाई वर्गात चुकून आल्यासारख्या यायच्या आणि तास संपायच्या आधी निघायच्या. पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यांना मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिनं कोशात बघून 'शिशुधान प्राणी' असं सांगितलं. अध्यक्षांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पिशवीवालं म्हणा की सरळ."

वर्गीकरण मात्र त्यांना लगेच समजलं. मी पानपट्टीसमोर उभी राहून कागदावरून वाचत होते. दोघंही प्राणी. दोघांनाही पाठीचा कणा. तिथून पुढे कांगारू सस्तन वर्गात जातो, त्यातल्या पिशवीवाल्यांच्या गणात. सॅलॅमँडर उभयचरात, त्यातल्या शेपटीवाल्यांच्या गणात.

"भाऊबंदकी हाय म्हंजे," अध्यक्ष म्हणाले. "पणजा एकच. फुडं वाटण्या झाल्या."

"हो."

"ह्याला कोरडं रान आलं, त्याला वड्याकडंचं."

"साधारण तसंच."

"आन् मगर? ती कुणाच्यात?"

"ती सरपटणाऱ्यांत. तिसरी वाटणी."

त्यांनी पानावर चुना फिरवला. "म्हंजे आपण मगरीला ह्या घरातनं त्या घरात दत्तक दिलीय." माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणात कुणी हे इतकं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

अडचण आली ती पुढे. अध्यक्षांनी सुरुवातीच्या ओळी स्वतः लिहून ठेवल्या होत्या. 'आज कांगारू शेवटच्या घटका मोजत आहे' अशी पहिली ओळ होती. ती वाचून मी राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत गेले. प्लायवूडच्या खोपट्यात बसून जगातल्या प्राण्यांची लाल यादी उघडली. कुठला प्राणी किती धोक्यात आहे ते तिच्यात असतं. सॅलॅमँडरपुढे सगळ्यात वाईट शेरा होता. त्याच्यापुढे फक्त नामशेष होणंच उरतं. लोक त्याला खातात आणि ओढ्यांवर धरणं बांधतात. कांगारूपुढे, आपल्या देखाव्यात होता तशा मोठ्या तांबड्या कांगारूपुढे, सगळ्यात सौम्य शेरा होता. मराठीत सांगायचं तर, काळजीचं कारण नाही.

मी प्रिंट घेऊन पानपट्टीवर गेले. गिऱ्हाईक नसायची वाट बघितली.

"काका, कांगारू घटका मोजत नाहीये."

त्यांचा हात थांबला. "न्हाय?"

"नाही."

"हायत किती?"

"काही कोटी."

"माणसांपेक्षा जास्त?"

"ऑस्ट्रेलियातल्या माणसांपेक्षा जास्त म्हणतात."

अध्यक्षांनी मंडपाकडे बघितलं. मंडपावर तोपर्यंत फलक चढला होता: 'वाचवा आम्हांला'. त्यावर कांगारूचं चित्र होतं, कारण पिल्लू वर-खाली करणारा तोच. सॅलॅमँडरचं चित्र काढायला जागा उरली नव्हती.

"कुणाला कळणार हाय," ते शेवटी म्हणाले.

"मॅडमना."

"त्या काय सगळं आयकत बसणार हायत काय?"

"हो."

मी तोपर्यंत त्यांच्याशी इतकं कधी बोलले नव्हते. मला एवढंच दिसत होतं की माझ्याच आवाजात, कर्ण्यातून, मॅडमसमोर खोटी गोष्ट सांगितली जाणार. ज्याला नीट बघता येत नाही त्यानं येऊ नये, असं त्या म्हणाल्या होत्या. "ती ओळ मी वाचणार नाही," मी म्हणाले. आई सोबत नव्हती, त्यामुळे मलाच म्हणावं लागलं.

अध्यक्ष रागावले नाहीत. पान बांधलं, गिऱ्हाईक नसल्यामुळे स्वतःच खाल्लं आणि विचार केला. "मग असं करू," ते म्हणाले. "कांगारूचं बरं चाललंय न्हवं? मग त्योच बोलंल. भावकीतला एक सुखात हाय, एक मराय टेकलाय. सुखातल्यानं दुसऱ्याची बाजू मांडायची. ह्यात खोटं काय हाय?"

खोटं काहीच नव्हतं. मी बराच प्रयत्न केला, पण मला चूक सापडली नाही.

"म्हंजे तू कांगारू म्हणून बोलायचंस," ते म्हणाले.

आवाज मंडपवाल्यांच्या माडीवर भरला. लग्नाच्या गाद्या चारी बाजूंनी रचून त्यांनी मला मध्ये बसवलं होतं, बाहेरचे आवाज येऊ नयेत म्हणून. ती व्यवस्था मला पुष्कळ आवडली. मी वाचलं: "मी कांगारू. माझी काळजी करण्याचे कारण नाही. मी सस्तन आहे, पिशवीवाला आहे, आणि आमची संख्या भरपूर आहे. पण माझ्या पायाशी पडला आहे तो माझा दूरचा भाऊ सॅलॅमँडर." पुढे ओढे, धरणं वगैरे होतं. शेवटी मी असंही घातलं होतं की चीनमध्ये या प्राण्याला बाळमासा म्हणतात, कारण तो लहान मुलासारखा आवाज काढतो असं सांगतात. अध्यक्षांना हे इतकं आवडलं की मंडपवाल्यांच्या नातवाला लस टोचून आणल्यावर लगेच त्याचं रडणंही टेपवर भरून घेतलं.

देखावा सुरू झाला. आमचं घर मंडपापासून चार घरं सोडून होतं. रोज संध्याकाळी दिवे लागले की माझा आवाज गल्लीभर सांगू लागे, "मी कांगारू." आम्ही जेवायला बसलेलो असू. आई वाढता वाढता थांबायची आणि म्हणायची, "इथं 'परंतु' घातलं असतंस तर बरं झालं असतं." नाव कुणी जाहीर केलं नव्हतं. पण सकाळी कॉलेजला निघाले की कट्ट्यावरची पोरं म्हणायची, "कांगारू निघालं." एकानं विचारलं, "काय कांगारू, बरं हाय न्हवं?" मी मान हलवली. काळजीचं कारण नाही, हे त्यांना आधीच सांगून झालं होतं.

लोक पुष्कळ येत. मी एकदा गर्दीत मागे उभी राहून बघितलं. पिल्लू वर आलं की बाया आपली पोरं उचलून दाखवायच्या. मग ते रडणं सुरू व्हायचं, आणि नेमकं त्याच वेळी पिल्लू पिशवीतून डोकं काढायचं.

"लेकरू भुकेजलंय," नृसिंहवाडीहून आलेली एक म्हातारी सुनेला म्हणाली.

"आई घेईना की त्याला."

"घेईल कशी, हात बग की केवढुसं."

सॅलॅमँडर खाली पडला होता. तो ज्या रडण्यासाठी प्रसिद्ध होता ते सगळे कांगारूच्या पिल्लाचं समजत होते. एका लहान मुलानं त्याच्याकडे बोट केलं तेव्हा वडील म्हणाले, "ती गेल्या सालची मगर हाय."

मधल्या काळात पाऊस लागला. मंडपाचं एका बाजूचं कापड गळत होतं आणि ते पाणी थेंब थेंब सॅलॅमँडरच्या पाठीवर पडत होतं. त्याला खरंतर ओलंच राहायला हवं होतं, पण लांबीला नको होतं. लांबी फुगली, सुटली आणि परीक्षक येण्याच्या दिवशी दुपारी मी बघितलं तेव्हा डाव्या कुशीवर हातभर खवले पुन्हा वर आले होते. मी पेंटरांना सांगितलं.

"मुळात मगर हाय ती," पेंटर म्हणाले. "रक्तातलं जातंय व्हय?"

त्यांनी हिरवा रंगवलेला भुसा आणून तिथं शेवाळ म्हणून टाकला. तेवढंच करण्यासारखं होतं.

मॅडम संध्याकाळी आल्या. सोबत आणखी दोन परीक्षक. मी पडद्यामागे, वायपरच्या यंत्राजवळ उभी होते. फटीतून मला मॅडमची पर्स आणि सॅलॅमँडरचं डोकं दिसत होतं. अध्यक्षांनी माईक घेतला. "आता देखावा सादर होत आहे. माहिती आणि आवाज आमच्या गल्लीतल्या मुलीचा. नाव सांगायचं न्हाय असं ठरलंय. पडद्यामागं उभी हाय ती."

टेप लागली. माझ्याच आवाजात मला ऐकू आलं की माझी काळजी करण्याचं कारण नाही. यंत्राशेजारी उकडत होतं. बाकीचे दोघे पिल्लाकडे बघत होते. मॅडमनी चष्मा बदलला, साडी सावरून वाकल्या आणि सॅलॅमँडरच्या पुढच्या पायाकडे बघितलं. मग मागच्या पायाकडे गेल्या. मग डाव्या कुशीकडे वळल्या, छत्रीच्या टोकानं भुसा थोडा बाजूला सारला, बघितलं आणि परत ओढून ठेवला. रडणं सुरू झालं तेव्हा त्या तिघांपैकी एकट्या खाली बघत होत्या.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस एका पेठेच्या धबधब्याला गेलं. त्यात खरं पाणी होतं. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की पाणी आमच्याकडेही खरंच होतं, फक्त वरून येत होतं.

उत्सव उरकल्यावर कॉलेज सुरू झालं. मॅडम हजेरी घेत होत्या. माझा नंबर आला आणि मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "प्रेझेंट." मॅडम पुढचा नंबर म्हणाल्या नाहीत. पेन कॅटलॉगवर तसंच ठेवून त्यांनी वर बघितलं, शेवटच्या बाकापर्यंत.

"पुन्हा म्हण."

"प्रेझेंट, मॅम."

त्या थोडा वेळ ऐकत राहिल्यासारख्या बसल्या. "पुढची बोटं चार," त्या म्हणाल्या. "बरोबर आहेत. कांगारूचा शेराही बरोबर. डाव्या बाजूला खवले होते."

"लांबी सुटली, मॅम."

वर्गाला यातलं काहीच कळलं नाही.

"मादीला असे दंड नसतात."

"मी सांगितलं होतं, मॅम."

"गगनबावड्याला जळवा असतात," मॅडम म्हणाल्या. "पायमोज्यांना लावायला तंबाखूची भुकटी आण. रविवारी पहिल्या एसटीनं." आणि पुढचा नंबर म्हणाल्या.

मी केबिनमध्ये गेले नव्हते. विचारलंही नव्हतं. तास संपेपर्यंत मी वहीत नुसतं 'तंबाखू' असं लिहून ठेवलं, विसरणार नव्हते तरी.

तंबाखू मिळण्याचं ठिकाण आमच्या गल्लीत एकच होतं. शनिवारी संध्याकाळी मी पानपट्टीसमोर उभी राहिले. गिऱ्हाईक होतं, पण या वेळी थांबले नाही. कट्ट्यावरची पोरं वळून बघू लागली.

"तंबाखू द्या," मी म्हणाले.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मग आमच्या घराकडे बघितलं. "कुणाला?"

"मला. जळवांसाठी. उद्या गगनबावड्याला जायचंय, मॅडमबरोबर."

त्यांना ते पटायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पुडी बांधायला घेतली. "काय हाय तिकडं?" त्यांनी विचारलं. "कांगारू हाय काय?"

"नाही."

"त्यो आपला सॅलॅमँडर?"

"तोही नाही. देवगांडूळ. त्याच्या भावकीतलं. पाय नसलेलं. दगडाखाली असतं."

"दिसतंय तरी का?"

"सहसा नाही."

"आन् रडतंय?"

"नाही. आवाजच नसतो त्याला."

अध्यक्षांनी पुडीला दोरा गुंडाळला, तोडला आणि ती माझ्या हातात दिली. "मग बरं हाय," ते म्हणाले. "तू आन् ते."